न्हाणीतली चूल

गोव्यात स्वयंपाकाला गॅस येऊन बरीच वर्षं झाली, पण सत्तरी, डिचोली, पेडण्याकडच्या कितीतरी घरांत न्हाणीतली चूल अजून पेटते. वर पाणी तापवायचं तांब्याचं भांडं, म्हणजे भाण. खाली सोडणं म्हणजे नारळाची सालं, करवंट्या, माडाची सुकी चुडतं. जळण घरचं असताना आंघोळीच्या पाण्यासाठी गॅस कोण जाळणार? पावसात माझ्या मावशीच्या न्हाणीत पाच मिनिटं उभं राहिलं, तरी डोळ्यांतून पाणी येतं. ती तिथे रोज तासभर असते.

लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरासारखे सूक्ष्म थेंब निघतात. भरपूर हवा आणि साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता मिळाली तर ते पेटतात. नाही मिळाली तर त्यांचाच धूर होतो. धूर म्हणजे न जळालेलं जळण. त्यातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. घरातल्या अशा प्रदूषणाने २०२० साली जगात ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता जळणाचा हिशेब. ४० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला, सगळी उष्णता पाण्यात गेली तर, २०० ग्रॅम कोरडं लाकूड पुरतं. साध्या चुलीत मात्र दीड-दोन किलो जातं. बरीचशी उष्णता भाणाच्या कडेने निसटते, आणि बरीच चुलीचे चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, पितात. जाड चिऱ्यांची चूल ऊब धरते म्हणून चांगली, असं आपल्याकडे मानतात. पण ती ऊब पाण्याच्या वाटची असते. आंघोळी उरकल्यावर तासाभराने चिऱ्याला हात लावून बघा.

१९८०च्या दशकात अमेरिकी अभियंते लॅरी विनियार्स्की यांनी मांडलेली रॉकेट चूल नेमकी इथेच वेगळी आहे. आडव्या तोंडातून जळण, उभ्या नळीत ज्वाळा, आणि नळीभोवती राखेसारखं हलकं, उष्णता न पिणारं आवरण. त्यामुळे नळी लगेच तापते आणि धूर आतच जळतो. जळणाखाली जाळी ठेवली की हवा खालून येते. भाणाभोवती बोटभर फट सोडून पत्र्याचं कडं बसवलं, तर गरम वायू भाणाला घासून जातात.

ओडिशात चिमणीच्या सुधारित चुलींचा काही वर्षं अभ्यास झाला. पहिल्या वर्षी श्वासातला धूर घटला, पुढे तो फायदा उरला नाही. चुलींची डागडुजी आणि वापर, दोन्ही मागे पडले होते. आपल्या दमट हवेत तर काजळी काढणं आणि भेगा लिंपणं टाळून चालणारच नाही.

मावशीची चूल अजून जुनीच आहे. पण यंदा तिने मिरगाआधीच सोडणं माळ्यावर चढवली. ओल्या सोडणातलं पाणी आधी उकळतं, मग भाणातलं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.