कारच्या बॅटरीची कुठलीही वायर आधी काढली तर चालते का?

"बाराच तर व्होल्ट आहेत, शॉक लागत नाही, मग कुठलीही वायर आधी काढा," असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. शॉक सहसा लागत नाही, हे खरं. पण इथे खरा धोका शॉर्ट सर्किटचा आहे.

आजच्या पेट्रोल कारमध्ये निगेटिव्ह टर्मिनल गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. ते तसंच ठेवून तुम्ही पॉझिटिव्हचा नट सैल करायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक जवळच्या उघड्या धातूला टेकलं, की सर्किट पूर्ण! शेकडो अँपिअर करंट त्या पान्यातून जातो. ठिणग्या उडतात, पाना हात भाजेल इतका तापतो, आणि लेड-ॲसिड बॅटरीतून निघालेला हायड्रोजन आसपास असेल तर बॅटरी फुटूही शकते. अंगठी, कडं आधी उतरवा, हे अगदी कळकळीने सांगते.

म्हणून इंजिन बंद करून, किल्ली काढून, आधी निगेटिव्ह काढा. ती वायर लांब सरकवून ठेवा. ताठ असेल तर आपोआप परत टेकते. मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. तेव्हा बारीकशी ठिणगी दिसली तर घाबरू नका. काही गाड्यांत रेडिओ पुन्हा कोड मागतो, तो आधीच शोधून ठेवा.