फ्रीलान्सिंग : बडोद्यातील स्वतंत्र कामाची पद्धत

कोणाच्याही पगारपत्रकावर न राहता, कामागणिक मोबदला ठरवून अनेक ग्राहकांसाठी काम करण्याची पद्धत. बडोद्यातील मराठी भाषकांमध्ये भाषांतर, मुद्रितशोधन, चित्रे व मांडणी, छायाचित्रण, कारखान्यांची अभियांत्रिकी रेखाटने आणि सॉफ्टवेअर अशी कामे या पद्धतीने केली जातात.

या शहराला ही रीत परकी नाही. राजा रविवर्मा यांनी बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव यांच्यासाठी १४ पौराणिक चित्रे रंगवली, ती असेच सांगून घेतलेले काम म्हणून. १८९० मध्ये सुरू झालेली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था आणि १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात स्थापन झालेली ललित कला शाखा यांनी हातात कसब असलेली माणसे घडवली. मात्र पुढे रिफायनरी, खत कारखाना, विद्यापीठ आणि बँका यांच्या पगारावर मराठी घरे स्थिरावली. त्यामुळे स्वतंत्र काम करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ‘पक्की नोकरी कधी?’ हा प्रश्न दांडिया बाजार या मराठी वस्तीत आजही ऐकावा लागतो. घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे बाजूला टाकून आणि शक्य तर नोकरीत असतानाच पहिली कामे घेऊन सुरुवात केली, की या प्रश्नाचा ताण बराच हलका होतो.

घरात मराठी, बाजारात गुजराती, शाळेत हिंदी आणि इंग्रजी हे इथल्या माणसाचे भांडवल आहे. गुजराती आणि मराठी दोन्ही कानावर वाढलेला भाषांतरकार पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला सहजी मिळत नाही, म्हणून दर सांगताना संकोच करण्याचे कारण नाही.

खरी अडचण ओळखीच्या कामात येते. पहिले काम बहुधा काकांच्या मित्राकडून किंवा मंडळाच्या स्मरणिकेसाठी येते आणि ‘आपलाच माणूस आहे, पैशाचे नंतर बघू’ म्हणून दर ठरतच नाही. काय द्यायचे, कधी द्यायचे, किती दुरुस्त्या मोफत आणि आगाऊ रक्कम किती, हे काम हातात घेण्यापूर्वी लिहून घ्यावे. ईमेलवरचा स्पष्ट होकारही पुरतो. नातेसंबंध बिघडतात ते दर विचारल्याने नव्हे, न विचारल्याने.

लेखी ठरवण्याचे दुसरे कारण हक्कांचे आहे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार, नोकरीत नसलेल्या लेखक-भाषांतरकाराकडेच त्याच्या मजकुराचा पहिला हक्क असतो. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला हक्क मात्र, वेगळे ठरले नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. चित्रकारांना हे अनेकदा उशिरा कळते. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखीच व्हावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

वसुलीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, उपयोगी पडते. ती मोफत असते. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायदा २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि मुदत काहीही ठरली तरी ४५ दिवसांच्या आत, द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीचे व्याज लागते. बिलाखाली उद्यम क्रमांक आणि ही तरतूद छापावी, म्हणजे आठवण करून देणे सोपे जाते. पहिल्या आठवणीला लाजू नये.

अभियंते, वास्तुरचनाकार, हिशेबनीस अशा ठरावीक व्यवसायांसाठी आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. जमा रकमेचा निम्मा भाग उत्पन्न धरला जातो आणि सविस्तर वह्या ठेवण्याची सक्ती राहत नाही. जमेची मर्यादा ५० लाख रुपये असून रोखीचा हिस्सा पाच टक्क्यांपर्यंत असेल तर ती ७५ लाख होते. भाषांतराचे नाव या यादीत नाही, तेव्हा सीएला विचारूनच ठरवावे. सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नसते.

रोजचे काम सुखाचे होणे पुष्कळसे घरच्यांवर अवलंबून असते. घरी आहे म्हणजे मोकळाच आहे, अशा समजुतीने सिलिंडर घेणे, बँकेत जाणे, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे ही कामे घरून काम करणाऱ्याच्याच गळ्यात पडतात. कामाचे तास घरात सांगून ठेवावेत आणि दार बंद होईल अशी जागा निवडावी. एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याची दुपार कामाला नकोशी होते, म्हणून जाणती मंडळी पहाटे बसून अवघड काम आधी उरकतात. अमेरिकेतल्या ग्राहकांना उत्तरायणाचे (संक्रांतीच्या पतंगांचे) दोन दिवस आणि नवरात्रीच्या नऊ रात्री आधीच कळवाव्यात. गरब्याच्या दिवसांत रात्रीची बैठक ठरवली, तर ना गरबा होतो ना काम.