गॅस गळणं वेगळं, गॅस नीट न जळणं वेगळं

"वास येत नाही ना? मग काही नाही." शेगडीच्या बाबतीत हा दिलासा निम्माच खरा आहे. गॅस गळत असेल तर वास येतो. पण पेटलेला गॅस नीट जळला नाही, तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना वास, ना रंग, ना चव. पहिल्या प्रकारात भीती भडक्याची, दुसऱ्यात विषबाधेची. सुरुवात मात्र दोन्हींची एकाच बर्नरवर होऊ शकते, म्हणून गल्लत होते.

उतू जाण्याचंच बघा. पातेल्यातलं पाणी फसफसून खाली आलं, ज्योत विझली आणि बटण चालूच राहिलं, तर ती झाली गळती. आता तेच सांडलेलं वरवर पुसून शेगडी पुन्हा पेटवली, पण बर्नरची भोकं खरकट्याने बुजलेलीच राहिली. ज्योत पिवळी, लांब, लवलवती यायला लागली आणि भांड्याचं बूड काळं पडलं, तर ही दुसरी गोष्ट. इथे गॅस गळत नाहीये, अर्धवट जळतोय.

गळतीचं एक बरं आहे, ती स्वतःहून सांगते. नैसर्गिक वायू (पाइपने घरी येणारा) आणि एलपीजी (सिलिंडरमधला) या दोन्हींना मुळात फारसा वास नसतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन इथे शाळेखाली साठलेल्या बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक दगावले. त्यानंतर गॅसमध्ये मर्कॅप्टनसारखं उग्र दर्पाचं रसायन मिसळण्याचे कायदे झाले. तरी नाकावर सगळा भार टाकू नये. सर्दी असेल तर वास कळत नाही, आणि एकाच वासात बराच वेळ बसलं की नाक त्याला सरावतं. "मघाशी येत होता, आता गेला" याचा अर्थ गॅस गेला असा होत नाही.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साठतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की ठिणगी पुरते. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो आणि त्याला साधारण ५ टक्के लागतात. वास आला की बटणं आणि रेग्युलेटर किंवा मुख्य झडप बंद करायची, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि फोन बाहेर गेल्यावर करायचा. विजेच्या कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. चालू दिवा बंद करतानाही ठिणगी पडू शकते, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. एरवी नळीचा जोड तपासायचा तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावं. काडी पेटवून बघणारे अजूनही भेटतात. त्यांना काय म्हणावं!

अर्धवट जळण्याचं प्रकरण जास्त फसवं, कारण शेगडी चालू असते, स्वयंपाक होत असतो, सगळं ठीक दिसतं. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला जवळजवळ २४ लिटर हवा लागते. ती कमी पडली, की कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही बनू लागतो. हवा कमी पडण्याची कारणं अगदी घरगुती असतात: बर्नरच्या मुळाशी हवा आत घेणारी फट धूळ-तेलाने बुजलेली, बर्नरची टोपी तिरकी बसलेली, दोन बर्नर झाकून टाकणारं भलंमोठं भांडं, किंवा थंडीत खिडक्या लावून खोली उबदार करायला पेटती ठेवलेली शेगडी. हे शेवटचं तर कधीच करू नये. नैसर्गिक वायूच्या जेटवर, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीवर, एलपीजी लावला तरी हेच होतं, कारण ते भोक मोठं असल्याने गरजेपेक्षा जास्त गॅस येतो.

ज्योतीचा रंग बघावा, पण तोही जरा समजून. मिठाचं पाणी सांडलं की ज्योत क्षणभर नारिंगी होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग, काळजीचं कारण नाही. पिवळेपणा टिकून राहिला आणि भांड्याला काजळी धरू लागली, की शेगडी बंद करून बर्नर साफ करायचा. तरीही फरक पडला नाही तर मेकॅनिकला बोलवायचं.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. माणूस म्हणतो, पित्त झालं असेल. खूण अशी, की ताप नसतो, घरातल्या एकाहून अधिक जणांना एकदमच त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. अशा वेळी शेगडी बंद करून आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि दवाखाना गाठायचा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणून तो बिनदिक्कत ९८ दाखवू शकतो. डॉक्टरांना "घरात गॅस पेटलेला होता" हे आपणहून सांगावं, म्हणजे ते रक्ताची नेमकी तपासणी करतील.

एक्झॉस्ट पंख्याबाबत तर दोन्हीकडे सल्ला अगदी उलटा. गळतीत तो सुरू करणं धोक्याचं, पण रोजच्या स्वयंपाकात शेगडी पेटवण्याआधीच तो लावलेला चांगला. मात्र हवा बाहेर न टाकता गाळून परत खोलीतच सोडणारी चिमणी तेल-वास अडवते, कार्बन मोनॉक्साइड नाही.

अलार्म घ्यायचा तर कशाचा ते वेष्टनावर वाचून घ्या. गळतीचा अलार्म सहसा कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गळती ओळखत नाही. एलपीजीचा अलार्म जमिनीजवळ लावतात, नैसर्गिक वायूचा छताजवळ. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच जड असल्याने खोलीभर मिसळतो. त्याचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ असावा, म्हणजे रात्री ऐकू येईल. या यंत्रांतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, बदलायची तारीख बहुतेकदा मागच्या बाजूला छापलेली असते.