शार्लर्वाची फुंकणी: अमेरिकेत गेलेल्या बेल्जियन काचकारागिरांची पार्श्वभूमी

पेन्सिल्व्हेनिया, इंडियाना, वेस्ट व्हर्जिनिया या अमेरिकी राज्यांतल्या काही जुन्या घरांत भिंतीवर काचेची काठी टांगलेली असते. फिकट हिरवी, अंगभर पीळ, वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळवलेलं. टेकून चालायला गेलं तर पहिल्याच पावलाला तुकडे होतील. बेल्जियमच्या शार्लर्वा भागातल्या फ्रेंचमध्ये अशा वस्तूला 'बुझिये' म्हणतात. पाळी संपल्यावर उरल्यासुरल्या काचरसातून कारागिराने स्वतःच्या हौसेने केलेली ही चीज. कारखान्याच्या हिशोबात तिची नोंद नसे, म्हणून ती घरी यायची. बाकी आयुष्यभर त्याने जे केलं ते दुसऱ्यांच्या खिडक्यांत बसलं.

अशा माणसाची आठवण सांगताना घरचे लोक बहुधा एवढंच सांगतात, की वडील काचेच्या कारखान्यात होते. त्यातून फारसं काही कळत नाही. खिडकीच्या काचेच्या धंद्यात चार वेगवेगळे कारागीर असत आणि चौघांचं नशीबही वेगळं निघालं. काचरस उचलणारा, फुंकणारा, सपाट करणारा आणि कापणारा. अमेरिकी जनगणनेच्या जुन्या नोंदींत हे गॅदरर, ब्लोअर, फ्लॅटनर, कटर असे येतात. शार्लर्वाकडे उचलणाऱ्याला 'गामँ' म्हणजे पोरगा म्हणत, मग तो मिशीवाला बाप्या का असेना. वडील नक्की कोण होते हे आधी शोधावं. पुढची बरीच गोष्ट त्यावरच ठरते.

शार्लर्वा हे सांब्र नदीकाठचं कोळशाचं गाव. खाणीतला कोळसा भट्टीच्या दारात मिळत असल्यामुळे ज्युमे, लोदलँसार, जिली, दांप्रेमी या आसपासच्या वस्त्यांत खिडकीच्या काचेचे कारखाने दाटीने उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात तिथली बहुतांश काच परदेशी जायची, हिंदुस्थानातही. आपल्याकडे 'बेल्जियमचा आरसा' घरोघर ठाऊक आहे, पण आरशाची काच हे निराळं प्रकरण. ती लोखंडी मेजावर ओतून, दोन्ही बाजूंनी घासून, मग चकाकी देऊन करत. इथे बोलायचं आहे ते फुंकलेल्या तावदानाबद्दल, ज्याला घासण्याची गरज पडू नये यातच सगळी कारागिरी होती.

मिश्रण साधं असे. शंभर भाग वाळूला साधारण ३५ ते ४२ भाग सोडियम सल्फेट, जवळपास तितकाच चुनखडीचा दगड आणि थोडी कोळशाची पूड. शिवाय मागच्या पाळीतली फुटकी काच. कोळसा हवाच, कारण त्याच्याशिवाय सल्फेट नीट फुटत नाही. तो कमी पडला की न विरघळलेलं सल्फेट काचरसावर तवंगासारखं तरंगतं आणि पुढे काचेत पांढरे डाग येतात. जास्त झाला तर काच पिवळट-तपकिरी होते. वाळूत लोखंडाचा अंश असला की हिरवी झाक येते. भिंतीवरच्या त्या काठीचा हिरवेपणा तिथलाच. तावदानाच्या काचेत तो समोरून जाणवत नाही, कडेने पाहिलं की दिसतो.

आता प्रत्यक्ष काम. फुंकणी म्हणजे साधारण दीड मीटर लांबीची लोखंडी नळी. गामँ तिचं तापवलेलं टोक काचरसात बुडवून फिरवतो, बाहेर काढून जरा निववतो, पुन्हा बुडवतो. असं तीन ते पाच वेळा. साध्या पातळ काचेसाठी, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीसाठी, गोळा नऊ-दहा किलोंचा लागतो. जाड काचेसाठी आणखी वजनदार. आधीचा थर फार थंड असताना पुढचा थर चढवला तर दोहोंच्या मध्ये हवा अडकते आणि ती बुडबुड्यांच्या रूपाने थेट तावदानापर्यंत पोचते. मग गोळा लाकडी ठोकळ्याच्या खोलगट वाटीत फिरवून गोल करायचा. वाटी सतत पाण्याने ओली ठेवावी लागते. वाफेचा पातळ पडदा काचेला लाकडापासून अलग ठेवतो. वाटी सुकली की लाकूड जळतं आणि काचेवर ओरखडे उमटतात.

इथून फुंकणाऱ्याचं राज्य. तो सुमारे तीन मीटर खोल खड्ड्यावरच्या फळीवर उभा राहतो. आधी फुंकून गोळ्याला पुढच्या नळकांड्याइतकी रुंदी देतो. रुंदी एकदा ठरली की पुढे फक्त लांबी वाढवायची. भट्टीत तापवायचं, बाहेर काढून खड्ड्यात लंबकासारखं झुलवायचं, मधूनमधून फुंकायचं आणि हे सगळं चालू असताना फुंकणी हातात फिरतच ठेवायची. काच स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते, श्वास तिला आत बसू देत नाही. फार तापली तर मध्ये कंबर पडते आणि तिथली भिंत कागदासारखी होते. कमी तापली तर ताणतच नाही, आणि फिरवण्यात खंड पडला तर एक बाजू जाड, एक पातळ. शेवटी सुमारे दीड मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं तयार व्हायला हवं. दहा किलोंची काच आणि वर लोखंडी नळीचं वजन, तेही भट्टीच्या तोंडाशी, दिवसातून कितीतरी वेळा. या कामात मोतीबिंदू लवकर येई, तो भट्टीकडे सतत पाहून डोळ्यांत शिरणाऱ्या उष्णतेमुळे.

सर्वांत देखणा भाग पुढचा. नळकांड्याचं खालचं बंद टोक भट्टीत धरायचं आणि फुंकणीचं तोंड अंगठ्याने दाबून ठेवायचं. आतली हवा तापून फुगते आणि सगळ्यांत मऊ जागी, म्हणजे टोकाला, भोक पाडून बाहेर पडते. लगेच फुंकणी जोरात फिरवली की भोकाची कड फाकत फाकत नळकांड्याच्या रुंदीची होते. जाड काचेला हे जमत नाही. तिथे टोकाला गरम काचेचा ठिपका लावून ती जागा मुद्दाम मऊ करतात.

वरचं, फुंकणीकडचं टोक काढायला गरम काचेचा दोरा भोवती गुंडाळतात आणि तो ओढून टाकून तिथे थंड लोखंड लावतात. तडा बरोबर त्या रेघेवर जातो. मग नळकांडं उभं चिरायचं, आतून तापलेली सळई फिरवून किंवा हिऱ्याने. चिरलेलं नळकांडं सपाट करणाऱ्याच्या भट्टीत जातं. तिथे ते मऊ झालं की ताव उलगडल्यासारखं उघडतं, आणि लांब दांडीच्या टोकाला बसवलेल्या ओल्या लाकडी ठोकळ्याने तो ते दाबून सरळ करतो. सगळ्यांत जास्त माल खराब व्हायचा तो इथे. उष्णता कमी पडली तर ताव वळलेलाच राहतो, जास्त झाली तर खालच्या दगडाची प्रत्येक कणी काचेवर उमटते. शिवाय एक अडचण कोणालाच टाळता आली नाही. नळकांड्याचा बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा मोठा असतो. सपाट करताना दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या व्हाव्या लागतात, आणि तो फरक पृष्ठभागावर बारीक लाटा बनून उरतो. जुन्या खिडकीतून पलीकडचं झाड थरथरतं दिसतं त्यामागे हेही एक कारण. तिथून काच सावकाश निवत पुढे सरकते आणि कापणाऱ्याच्या मेजावर पोचते.

हा हुन्नर पुस्तकातून येत नाही, म्हणून तो घरात राहायचा. शार्लर्वामध्ये बापाने मुलाला शिकवायचं ही जुनी रीत. अमेरिकेत ती संघटनेने नियमात बांधली. 'नाइट्स ऑफ लेबर' या अमेरिकी कामगार संघटनेची स्थानिक शाखा क्रमांक ३०० म्हणजे देशभरातल्या खिडकीच्या काचेच्या कारागिरांची एकत्र संघटना. उमेदवार म्हणून घ्यायचा तो सभासदाचा मुलगा किंवा भाऊ, हा तिचा दंडक. उत्पादनावरही तिची मर्यादा होती. एका फुंकणाऱ्याने आठवड्याला पातळ काचेच्या ४८ पेट्या कराव्यात, त्याहून जास्त नाही. एक पेटी म्हणजे ५० चौरस फूट. काम पुरावं आणि दर टिकावा हा त्यामागचा हिशोब. बापाकडे जमीन नसे, पण मुलाला त्या फळीवर उभं करण्याचा हक्क होता, आणि वारसा म्हणून मागे ठेवायचा तो हाच.

गंमत म्हणजे याच संघटनेला बेल्जियन माणसं नको होती. कंत्राट करून परदेशी मजूर आणण्यावर बंदी घालणारा १८८५चा कायदा व्हावा म्हणून तिने जोर लावला. त्याच सुमारास तिचे प्रतिनिधी युरोपात जाऊन तिथल्या कारागिरांना संघटित करत होते, म्हणजे तिकडचा दर वाढावा आणि इकडे यायची गरजच उरू नये. शार्लर्वातल्या संघटनेचं नाव 'युनियों व्हेरिएर', चिटणीस ऑस्कार फालर.

मग १८८६चा मार्च आला. बेल्जियमच्याच लिएज शहरात पेटलेला संप शार्लर्वाच्या एनो प्रांतात पसरला. २६ मार्चला ज्युमेमधला युजीन बोदू यांचा काचकारखाना आणि शेजारचा वाडा जमावाने जाळला. राग नुसत्या मजुरीचा नव्हता. बोदूंनी मुशींच्या भट्टीऐवजी हौदाची भट्टी बसवली होती. मुशीत काच शिजेपर्यंत थांबावं लागतं. हौदात एका टोकाला मिश्रण पडतं, दुसऱ्या टोकाला तयार काचरस रात्रंदिवस हजर. त्याच माणसांकडून जास्त माल, किंवा तेवढ्याच मालाला कमी माणसं. दुसऱ्या दिवशी जवळच्या रू गावात सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. या प्रकरणी फालर यांना २० वर्षांची सक्तमजुरी झाली. दोन वर्षांत सुटले ते देश सोडण्याच्या बोलीवर, आणि अमेरिकेला गेले. त्यांच्या आधी आणि नंतर हजारोंनी तीच वाट धरली.

तिकडे पोचल्यावर घर कुठे थाटायचं हे ठरवलं नैसर्गिक वायूने. कोळशापेक्षा स्वच्छ आणि सुरुवातीला जवळपास फुकट मिळणारं हे इंधन जिथे लागलं तिथे काचकारखाने उगवले. पेन्सिल्व्हेनियात १८८८ला वसलेलं जेनेट, १८९०ला वसलेलं शार्लरॉय (स्पेलिंग बेल्जियमचंच, उच्चार अमेरिकी), पॉइंट मॅरियन. इंडियानात हार्टफर्ड सिटी. पुढे वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्ग, आणि कॅन्ससपर्यंत. विहीर आटली की कारखाना उठे, आणि त्याच्या मागोमाग बिऱ्हाडही. म्हणून एकाच बापाची चार मुलं चार राज्यांत जन्मलेली सापडली तर नोंद चुकली असं समजू नये. ती चार गावं नकाशावर जोडली तर वायूच्या विहिरी कुठे कधी आटल्या तेच दिसतं.

१९०३पासून अमेरिकन विंडो ग्लास कंपनीने जॉन लबर्स यांचं यंत्र चालवायला घेतलं. लबर्स स्वतः सपाट करणारे कारागीर. त्यांचं यंत्र काचरसातून नळकांडं सरळ वर ओढतं आणि आत दाबाची हवा सोडतं. लांबी १२ मीटरपर्यंत. उचलणारा आणि फुंकणारा दोघंही एका झटक्यात फालतू झाले. पण यंत्राचं नळकांडंही चिरावं, सपाट करावं, कापावं लागतच होतं, म्हणून उरलेल्या दोघांची नोकरी टिकली. फुंकणाऱ्यांनी दर उतरवून, कुठे सहकारी कारखाने काढून आणखी काही वर्षं रेटली. दरम्यान दांप्रेमीत, म्हणजे फुंकणाऱ्यांच्या माहेरीच, एमिल फुर्को आणि एमिल गोब यांची पद्धत तयार होत होती. तीत नळकांडंच नाही. काचरसावर दाबून धरलेल्या मातीच्या फटीतून सपाट पट्टा वर येतो आणि रुळांमधून चढत जातो. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती कारखान्यात उतरली. अमेरिकेत लिबी-ओवेन्स कंपनीची पट्टा ओढण्याची वेगळी पद्धत आली. मग सपाट करणाराही गेला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस हाताने फुंकलेली खिडकीची काच धंदा म्हणून संपली. चौघांतला कापणारा तेवढा राहिला, कारण काच कशीही निघो, कापावी लागतेच.

वडिलांची बुझिये घरात असेल तर एक खबरदारी घ्यावी. या वस्तू घाईत केलेल्या असतात. गोळ्याला दुसऱ्या टोकाने साथीदाराने धरायचं, दोघांनी एकमेकांपासून मागे चालत जाऊन ताणायचं, पीळ द्यायचा, मूठ गरम असतानाच वळवायची. सावकाश निववण्याच्या भट्टीत जागा मिळाली तर ठीक, नाही तर ताण काचेत तसाच राहतो. अशी काठी ऐंशी वर्षं शाबूत राहून एका थंड सकाळी आपोआप तडकू शकते. एकाच खिळ्यावर मुठीने लटकवू नये. दोन ठिकाणी मऊ आधार द्यावा. शेगडीजवळची किंवा उन्हाची भिंत टाळावी, आणि धुवायची तर खोलीइतक्याच उष्ण पाण्याने.

त्या काळातल्या घराच्या खिडक्याही तपासून पाहाव्यात. तिरप्या उजेडात तावदानाकडे पाहिलं तर बारीक बुडबुडे दिसतात. ते कमानीत मांडलेले असतील तर काच त्याहून जुन्या, चकती फिरवून करण्याच्या पद्धतीची. एका दिशेने लांबट ओढलेले आणि एकमेकांना समांतर असतील तर ती काच नळकांड्याची असू शकते. मात्र ओढलेल्या पट्ट्याच्या काचेतही अशा समांतर रेषा येतात, म्हणून बुडबुड्यांसोबत लाटाही पाहाव्यात. पट्ट्याच्या काचेतल्या लाटा रुळाला धरून सरळ जातात. सपाट केलेल्या तावदानात त्या ठिकठिकाणी उमटतात आणि विरतात. हाताने फुंकलेल्या नळकांड्याचीच निघाली, तर बुडबुडे ज्या दिशेला लांब झाले आहेत ती खड्ड्यात झुलणाऱ्या फुंकणीची दिशा.