मांडवीवरचे पूल आणि साबांखा

गोव्यात सार्वजनिक बांधकाम खात्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. वर्तमानपत्रापासून पंचायतीपर्यंत सगळीकडे ते 'साबांखा'च. रस्ते, पूल आणि सरकारी इमारती तर त्याच्याकडे होत्याच, शिवाय नळाचे पाणीही अनेक दशके याच खात्याने पुरवले. त्यामुळे खड्डा असो की कोरडा नळ, लोकांचा राग एकाच दारावर जायचा.

पोर्तुगीजांनी बांधकामे केली नाहीत असे नाही. पणजी ते रायबंदर हा मिठागरांवरून जाणारा सुमारे 3 किलोमीटरचा बांध-रस्ता 1633-34 मधला, व्हाइसरॉय लिन्यारीशच्या काळातला, आणि तो आजही वाहता आहे. पण मांडवी आणि जुवारी या दोन मोठ्या नद्यांच्या मुखाजवळ त्यांनी पूल बांधला नाही. डिसेंबर 1961 मध्ये माघार घेताना आतल्या भागातले काही पूलही त्यांनी उडवून दिले. मुक्तीनंतरच्या प्रशासनापुढे पहिले मोठे काम होते ते नद्या ओलांडण्याचे. तोवर मांडवीच्या उत्तरेकडच्या बार्देश तालुक्यातून पणजीला यायचे तर बेतीची फेरीबोट हाच मार्ग होता.

मांडवीवर पहिला पूल झाला तो 1970 च्या सुमारास. नेहरू पूल. 5 जुलै 1986 रोजी, भर पावसात, तो कोसळला. जेमतेम दीड दशकाचे आयुष्य! काँक्रीटला आतून ताणून धरणाऱ्या पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजत गेल्या होत्या, आणि हा गंज बाहेरून दिसत नाही. बार्देश आणि पणजी पुन्हा फेरीबोटीवर आली, ती नवा पूल 1992 मध्ये खुला होईपर्यंत. माझ्या मते गोव्याच्या बांधकामाचा इतिहास 1986 च्या आधीचा आणि नंतरचा असाच वाचायला हवा. समुद्राकाठी पूल उभारणे जितके अवघड, तितकेच तो तपासत राहणेही अवघड, हे तेव्हा कळायला हवे होते.

पण पैसा आणि लक्ष नव्या कामांकडेच गेले. 2001 मध्ये गोवा राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळ आले आणि मोठे प्रकल्प त्याच्याकडे वळले. मांडवीवरचा 5.1 किलोमीटरचा अटल सेतू त्यानेच उभारला. 27 जानेवारी 2019 रोजी त्याचे उद्घाटन झाले. जुवारीवरचा जुना पूल 1983 चा. त्याच्या शेजारच्या नव्या आठपदरी पुलाचे काम मात्र साबांखाच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे होते. त्याची एक बाजू डिसेंबर 2022 मध्ये आणि दुसरी वर्षभराने खुली झाली.

या दोन उद्घाटनांच्या आधी, 18 मे 2017 रोजी, सावर्डे-कुडचडे येथील पोर्तुगीजकालीन पादचारी पूल कोसळला. तो वापरासाठी बंद होता, पण पाडलेला नव्हता. नदीतले बचावकार्य पाहायला जमलेले लोक त्यावर चढले होते आणि माणसे पाण्यात पडली. बंद केलेला पूल कोणी पाडायचा, कधी पाडायचा आणि तोवर त्याच्या तोंडाशी अडथळा कोणी उभा करायचा, ही जबाबदारी नावानिशी ठरवून ती लोकांसमोर ठेवायला हवी. जुन्या पुलांच्या तपासणीचे अहवालही त्याच गावच्या पंचायतीत लावले पाहिजेत.