रात्रभर ठेवलेलं पाणी आणि कुंडीतली झाडं

समज असा: नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की झाडांसाठी शुद्ध होतं.

हे अर्धंच खरं आहे. उघड्या बादलीतून साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) मात्र सहज उडत नाही. क्षार तर मुळीच जात नाहीत, उलट बाष्पीभवनामुळे किंचित दाटतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मीटरने संध्याकाळी आणि सकाळी मोजून पाहा: लिटरमागे ४०० मिलिग्रॅम असेल तर साधारण ४००च राहील.

झाडाला खरा त्रास जड पाण्यातल्या बायकार्बोनेटचा. त्यामुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) चढतो, लोह मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसतात. अशा वेळी नुसतं खत वाढवलं तर क्षारांची भरच पडते. पावसाचं किंवा आरओचं पाणी निम्मं मिसळा. टीडीएस जवळपास निम्म्यावर येतो.