परदेशस्थ ख्रिस्ती मिशनरी : दैनंदिन जीवन व प्रार्थनेच्या गरजा

ख्रिस्ती सुवार्तेच्या प्रसारासाठी, किंवा त्या श्रद्धेतून केलेल्या वैद्यकीय, शैक्षणिक वा सामाजिक सेवेसाठी, स्वतःचा देश व भाषा सोडून परमुलखात दीर्घकाळ राहणाऱ्या व्यक्तीला परदेशस्थ मिशनरी म्हणतात. तिच्यामागे तिला पाठविणारी मंडळी (चर्च), धर्मसंघ किंवा मिशन संस्था असते. या दोघांमधील संबंध वेतन आणि अहवाल यांवर थांबत नाही. पाठविणाऱ्यांनी नियमित प्रार्थना करावी आणि गेलेल्याने प्रार्थनेचे विषय प्रामाणिकपणे कळवावेत, असा अलिखित करार त्यात असतो. मिशनऱ्याच्या प्रार्थनेच्या गरजा बहुतांशी त्याच्या अगदी साध्या दिनक्रमातून उभ्या राहतात. म्हणून हे दोन विषय वेगळे काढून समजून घेता येत नाहीत.

या व्यवहाराचे मूळ बायबलच्या नव्या करारात आहे. अंत्युखिया येथील मंडळीने उपास व प्रार्थना करून, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना केले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे. पुढे पौलाच्या नावे असलेल्या पत्रांतून प्रार्थनेच्या विनंत्या वारंवार येतात आणि त्यांचा नेमकेपणा लक्षात घेण्याजोगा आहे. इफिसकरांस लिहिताना तो बेड्यांत असल्याचे सांगतो, परंतु त्या ठिकाणी सुटका मागत नाही; तोंड उघडताच योग्य शब्द मिळावेत आणि ते धैर्याने बोलता यावेत, एवढेच मागतो. कलस्सैकरांस तो वचनासाठी दार उघडावे म्हणून प्रार्थना करण्यास सांगतो. रोमकरांस मात्र यहूदीयातील विरोधकांपासून आपला बचाव व्हावा आणि यरुशलेमेतील पवित्र जनांना, म्हणजे तेथील ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना, आपली सेवा रुचावी, अशा दोन विनंत्या एकाच दमात करतो. यांतील दुसरी विनंती विशेष बोलकी आहे, कारण आपल्याच लोकांनी आपले काम स्वीकारावे ही चिंता आजच्या मिशनऱ्यालाही तितकीच असते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके घेऊन येण्याची सूचना आहे. थंडीचे कपडे आणि वाचायची पुस्तके यांची उणीव सांगण्यात त्या काळी कोणाला संकोच वाटत नव्हता.

मिशनऱ्यांसाठी संघटितपणे प्रार्थना करण्याची प्रथा अठराव्या शतकात रूढ झाली. सॅक्सनीतील हेर्नहुट येथे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७२७ मध्ये रात्रंदिवस आळीपाळीने प्रार्थना करण्याचा क्रम सुरू केला आणि तो शंभराहून अधिक वर्षे चालला, असे त्या मंडळीची परंपरा सांगते. याच लहानशा वस्तीतून १७३२ मध्ये पहिले दोन मिशनरी कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावरील गुलामांकडे गेले. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशरच्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी १७८४ मध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रार्थनेसाठी एकत्र येण्याचे ठरविले. त्याच वर्तुळातून १७९२ मध्ये बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी विल्यम केरी बंगालमध्ये दाखल झाले. खोल खाणीत उतरणाऱ्याचा दोर वर थांबलेल्यांनी घट्ट धरून ठेवावा, ही संस्थेचे पहिले चिटणीस अँड्र्यू फुलर यांच्याकडून आलेली उपमा पाठविणाऱ्यांची जबाबदारी चपखलपणे सांगते. फुलर यांनी स्वतः १८१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती निभावली. कॅथलिक जगतात पोलिन जारिको या तरुणीच्या पुढाकाराने लियाँ येथे १८२२ मध्ये श्रद्धाप्रसारासाठीची संस्था स्थापन झाली. तिचे सभासद रोज प्रार्थना करीत आणि आठवड्याला एक सू हे अगदी लहान नाणे देत, त्यामुळे गरीब कामगारालाही मिशनकार्यात वाटा मिळाला. लुधियाना येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगभरच्या मंडळ्यांना वर्षारंभीचा एक आठवडा प्रार्थनेसाठी राखण्याचे आवाहन केले आणि जानेवारी १८६० मध्ये तसा सप्ताह पाळला गेला. फ्रान्समधील लिस्यूच्या मठवासी संत तेरेझा यांनी मठाबाहेर पडून मिशनकार्य कधीच केले नाही, पण मिशनऱ्यांसाठी त्या सातत्याने प्रार्थना करीत. त्यांना १९२७ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित करण्यात आले. या निर्णयात घरी राहून केलेल्या प्रार्थनेला दूरच्या प्रवासाइतके मोल दिलेले आहे.

नव्या देशातील पहिला काळ प्रामुख्याने भाषा शिकण्यात जातो. मायदेशी डॉक्टर, शिक्षक किंवा पाळक म्हणून मान असलेली व्यक्ती येथे भाजी विकत घेताना अडखळते, विनोद कळत नाही म्हणून नुसतीच हसते आणि दिवसाखेर थकून जाते. परक्या समाजात वावरताना येणाऱ्या या मानसिक ताणाचे टप्पे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० च्या लेखात वर्णिले आहेत. सुरुवातीचे कौतुक ओसरल्यावर चिडचिड, यजमान समाजावर टीका आणि घरची तीव्र आठवण हा त्यांतील सर्वांत अवघड टप्पा होय. अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसन १८१३ मध्ये बर्मातील रंगूनला पोहोचले; त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला तो १८१९ मध्ये आणि बर्मी भाषेतील संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर १८३४ मध्ये पुरे झाले. असा प्रदीर्घ काळ दृश्य फळाविना काढायचा तर चिकाटी, चांगला भाषाशिक्षक आणि चुका हसत सोसणारे शेजारी या गोष्टींसाठी प्रार्थना मागणे स्वाभाविक आहे. अशा गोष्टी क्षुल्लक मानून फक्त मोठ्या यशासाठी प्रार्थना करणाऱ्यांना या कामाचा खरा पाया दिसलेला नसतो.

दिवसाची सुरुवात बहुधा शास्त्रवाचन आणि वैयक्तिक प्रार्थनेने होते. कॅथलिक धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्या दिवसाला मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) आणि ठरावीक प्रहरांच्या प्रार्थनांची चौकट असते. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांत हा क्रम अधिक सैल असतो, त्यामुळे काम वाढले की तो सर्वांत आधी मोडतो. त्यानंतरचे काम क्षेत्राप्रमाणे बदलते : दवाखाना, शाळा, भाषांतर, स्थानिक पुढाऱ्यांचे प्रशिक्षण, घरभेटी, आपत्तीग्रस्तांना मदत. पण दिवसाचा मोठा भाग पाणी, वीज, बाजारहाट, नादुरुस्त वाहन आणि सरकारी कचेऱ्या यांत खर्च होतो. व्हिसा व निवास परवान्याचे नूतनीकरण हा प्रार्थनापत्रांत सर्वाधिक आढळणाऱ्या विषयांपैकी एक आहे, कारण एका शिक्क्यावाचून अनेक वर्षांचे काम थांबू शकते. जेथे मिशनऱ्यांना परवानाच मिळत नाही तेथे काहीजण शिक्षक, अभियंता किंवा व्यावसायिक म्हणून राहतात. करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू तयार करून उदरनिर्वाह करणारा पौल हा त्यांचा आदर्श असतो. अशा व्यक्तीने आपला व्यवसाय केवळ बुरखा म्हणून न करता मनापासून करणे आवश्यक असते. नोकरी आणि सेवा यांत वेळेची विभागणी कशी करावी, हा तिचा रोजचा प्रश्न होय.

पैशाची व्यवस्था दोन प्रकारची असते. जुन्या संस्था ठरावीक वेतन देत. हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये स्थापन केलेल्या चायना इनलँड मिशनने मात्र निश्चित वेतनाची हमी न देण्याचे, कर्ज न काढण्याचे आणि लोकांकडे थेट वर्गणी न मागता प्रार्थनेवर विसंबण्याचे धोरण ठेवले. आज अनेक संस्थांत प्रत्येक मिशनऱ्याला मित्र व मंडळ्यांकडून स्वतःच आधार उभा करावा लागतो. त्यामुळे चलनाचा दर घसरला किंवा एखाद्या मंडळीने देणगी थांबविली की घरखर्चच कोलमडतो. प्रार्थनेची विनंती आणि पैशाची मागणी एकाच पत्रात मिसळली की वाचणाऱ्याला पहिलीचा अर्थ दुसरी वाटू लागतो. दोन्ही गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या लिहिणे अधिक सचोटीचे आहे.

आजार आणि कुटुंब या बाबतींतील किंमत इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. केरी यांचा मुलगा पीटर १७९४ मध्ये बंगालमध्ये वारला आणि त्यांच्या पत्नी डॉरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य कायमचे ढासळले. चरित्रांत पतीच्या भाषांतरांना पानेच्या पाने मिळतात आणि या स्त्रीला दोन-चार ओळी. अ‍ॅन जडसन यांनी इंग्रज-बर्मी युद्धकाळात कैदेत पडलेल्या पती अडोनिराम यांच्यासाठी अधिकाऱ्यांचे उंबरे झिजविले आणि १८२६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आता लसी, औषधे व विमानप्रवास यांमुळे मृत्यूचे प्रमाण खूपच घटले आहे, तरी हिवताप, रस्त्यांवरील अपघात, नैराश्य आणि उपचारांपासूनचे अंतर या काळज्या राहतातच. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न कुटुंबाच्या निर्णयांवर सतत सावट धरून असतो. पूर्वी त्यांना मायदेशी किंवा दूरच्या वसतिगृहांत पाठवीत; चीनमधील यांताय येथे १८८१ मध्ये याच हेतूने चीफू शाळा सुरू झाली. आज घरी शिकविणे, स्थानिक शाळा आणि ऑनलाइन वर्ग असे पर्याय आहेत. तरीही आईवडिलांचा देश आणि वाढीचा देश यांपैकी एकही पूर्णपणे आपला न वाटणाऱ्या या मुलांसाठी स्वतंत्रपणे प्रार्थना होणे गरजेचे आहे. अविवाहित मिशनऱ्यांचा एकटेपणा आणि दूर राहिलेल्या वृद्ध आईवडिलांची काळजी यांबद्दल पत्रांत कमी लिहिले जाते.

सहकाऱ्यांशी बेबनाव हा सेवाक्षेत्र सोडण्याच्या कारणांपैकी एक आहे आणि तो नवा नाही. योहान मार्काला सोबत न्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात तीव्र वाद होऊन ते वेगळे झाले, हे प्रेषितांची कृत्ये लपवून ठेवत नाही. लहान गटात तीच माणसे शेजारी, सहकारी आणि उपासनेतील सोबतीही असतात, त्यामुळे रुसवा काढून टाकायला दुसरी जागा उरत नाही. आणखी एक गरज आतली असते. इतरांसाठी सतत प्रार्थना करणाऱ्याची स्वतःची प्रार्थना कोरडी पडू शकते. उसन्या भाषेतील गीते ओठांवर येतात, पण मनात उतरायला वर्षे लागतात. हे उघडपणे लिहिण्याची मुभा पाठविणाऱ्या मंडळीने मिशनऱ्याला द्यायला हवी. ती नसेल तर पत्रांत केवळ यशाच्या कथा येऊ लागतात.

प्रार्थनापत्र हे या साऱ्याचे वाहन आहे. पूर्वी जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करून ते पोहोचे आणि प्रार्थना सुरू होईपर्यंत प्रसंग उलटून गेलेला असे. आता फोनवरील संदेशाने काही मिनिटांत विनंती पोहोचते. चांगल्या पत्रात मोघम आशीर्वादाऐवजी नेमका विषय असतो : परीक्षा कोणत्या दिवशी आहे, कोणता निर्णय प्रलंबित आहे, कोणत्या मागील प्रार्थनेचे काय झाले. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्या प्रतिष्ठेचे भान त्याहून महत्त्वाचे आहे. एखाद्या कुटुंबाचे दारिद्र्य, व्यसन किंवा भांडण त्यांच्या नकळत परदेशात वाचले जाणे हा अन्यायच होय. धर्मांतरावर निर्बंध किंवा सामाजिक रोष असलेल्या देशांत तर नाव, गाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध झाल्याने नव्या विश्वासणाऱ्याचा जीव धोक्यात येऊ शकतो; मिशनरी देश सोडून जाऊ शकतो, पण त्या व्यक्तीला तेथेच राहायचे असते. म्हणून जाणत्या संस्था नावे बदलतात, ठिकाणे गाळतात आणि पत्र पुढे न पाठविण्याची विनंती करतात.

मिशनकार्याचा वसाहतवादी सत्तांशी आलेला संबंध आणि धर्मांतराबद्दलचे आक्षेप यांचाही प्रार्थनेच्या आशयावर परिणाम झाला आहे. केनियातील प्रेस्बिटेरियन नेते जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये परदेशी मिशनरी व पैसा यांचा ओघ काही काळ थांबवावा, म्हणजे आफ्रिकी मंडळ्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील, असे आवाहन केले. त्यावर मोठा वाद झाला, पण स्थानिक नेतृत्वाच्या हाताखाली काम करण्याची नम्रता आणि बाजूला होण्याची वेळ ओळखण्याचा विवेक हे विषय त्यानंतर प्रार्थनेत अधिक ठळकपणे आले. आज दक्षिण कोरिया, ब्राझील, नायजेरिया आणि भारत येथूनही मिशनरी इतर देशांत जातात, आणि परदेशी पाहुण्यासाठी स्थानिक मंडळीच प्रार्थना करीत असल्याचे दृश्य अनेक ठिकाणी आढळते.

काही वर्षांच्या सेवेनंतर मिशनरी ठरावीक काळासाठी मायदेशी येतो. हा काळ विश्रांतीचा मानला जात असला तरी मंडळ्यांना भेटी, भाषणे, वैद्यकीय तपासण्या आणि आधार टिकविण्याची धडपड यांत तो संपून जातो. कायमचे परतणाऱ्यांची स्थिती आणखी कठीण असते. मायदेश बदललेला असतो, घर आणि नोकरी नव्याने शोधावी लागते आणि तरुण मुलांना हा देश परकाच वाटतो. सेवाक्षेत्राच्या यादीतून नाव निघाले की प्रार्थनेच्या यादीतूनही ते अनेकदा निघते. ही चूक टाळण्यासाठी काही मंडळ्या परतलेल्या कुटुंबासाठी पुढील काही वर्षे नियमित प्रार्थना आणि भेटीगाठी चालू ठेवतात.